धोंड्याच्या महिन्यातली मुलगी

मी बास्केटबॉल नऊ वर्षं खेळले आणि त्यानंतर आजपर्यंत सव्वीस वर्षं शिकवते आहे. दोन्ही मिळून पस्तीस. या पस्तीस वर्षांतल्या एका हिशोबाबद्दल मला लिहायचं आहे. चूक माझी होती. तिचे परिणाम मात्र दुसऱ्याच कुणाला सोसावे लागले.

आधी माझ्याविषयी थोडं. नाशिक रोडला आमच्या वसाहतीत सिमेंटचं एक कोर्ट होतं. त्याची पूर्वेकडची रिंग पाऊण इंच खाली वाकलेली होती. हे मी स्टुलावर चढून टेपनं मोजलं होतं, कारण त्या बाजूनं माझे फ्री थ्रो दहात सात जायचे आणि दुसऱ्या बाजूनं पाच. माझी उंची पाच फूट दोन इंच. त्यामुळे बास्केटखाली उभं राहणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही. चेंडू पुढे नेणं आणि योग्य मुलीच्या हातात देणं हेच माझं काम. एकोणनव्वदपासून मी जिल्ह्याकडून खेळले. पंचाण्णव साली खेळाडूंच्या कोट्यातून एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले, त्याच वर्षी लग्न झालं. अठ्ठ्याण्णवमध्ये गुडघा गेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं की जिने चढता येतील, उड्या मारता येणार नाहीत. सहा आठवड्यांचा प्रशिक्षकाचा वर्ग मी त्याच वर्षी केला. तेवढे दिवस सासूबाईंनी माझी दोन वर्षांची मुलगी सांभाळली. परत आल्यावर एका मुलींच्या शाळेच्या मैदानावर सकाळी सहा ते साडेसात शिकवायला लागले. पावणेदहाला कार्यालयात हजर. वीस मिनिटं स्वयंपाकाला कमी पडत, ती सासूबाई भरून काढत.

शिकवताना माझा एक नियम होता. जन्माच्या दाखल्यात खोट चालणार नाही. या नियमाला कारण होतं. एक्याण्णव साली राज्याच्या कुमारी गटात आम्ही तीन गुणांनी हरलो. समोरच्या संघाच्या उंच मुलीनं एकटीनं बावीस गुण केले होते. सामना संपल्यावर ती प्रेक्षकांत गेली, एका म्हातारीच्या कडेवरचं मूल तिनं घेतलं आणि ते मूल तिला आई म्हणालं. आम्ही पाचही जणी पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होतो. वय कमी दाखवून खेळवणं तेव्हा सर्रास चाले, आमच्या मार्गदर्शकांनाही ते माहीत होतं. त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या हातून असं होणार नाही. झालंही नाही. माझ्या हातून त्याच्या उलटं झालं.

दोन हजार एक साली ती मुलगी माझ्याकडे आली. सहावीत होती. दारणेच्या काठच्या गावातून सायकलवर यायची, तिच्या थोरल्या भावाच्या मागे बसून. घरी झेंडू आणि शेवंतीची थोडी शेती होती. वडील शेत बघत, आई पहाटेच्या गाडीनं नाशिकला जाऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फुलं विकायला बसे. मुलगी अबोल. चेंडू हातात आला की डोळे वर रिंगेकडे जायचे आणि तिथेच राहायचे. दोन वर्षांत ती पाच फूट सहा इंच झाली. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात, आठवीत असताना, शाळेच्या चौदा वर्षांखालच्या संघाची ती आधार होती. जिल्ह्याच्या चार सामन्यांत तिचे एकूण एकाहत्तर गुण होते. पुढे विभागीय सामने होते आणि तिथून राज्याचा संघ निवडला जाणार होता. माझ्या हाताखालून राज्याला गेलेली ती पहिली मुलगी ठरली असती.

गुरुपौर्णिमा त्या वर्षी रविवारी आली. तिची आई सुट्टी काढून मैदानावर आली, माझ्यासाठी शेवंतीचा हार घेऊन. मुली भोवती जमल्या. कुणीतरी विचारलं की ही एवढी उंच कशी, तुम्ही दोघं तर बुटके. आई हसत म्हणाली, "धोंड्याची पोर हाय ती. जादा महिन्यात आली, म्हणून जादा वाढली." मग तिनं सगळी हकीकत सांगितली. बाळंतपणाला ती माहेरी होती. जावयाला धोंडा जेवायला बोलावलं होतं. नवरा पाटावर बसला आणि हिच्या पोटात दुखायला लागलं. तिची आई अनारसे कढईत तसेच टाकून सुईणीकडे पळाली. "हिच्या बापाला त्या दिवशी कोरडी भाकर मिळाली. अजून बोलून दाखवतो," असं ती म्हणाली तेव्हा मुली हसून हसून खाली बसल्या.

मी हसले नाही. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर एक जून एकोणीसशे नव्वद ही तारीख होती. एक जूनचं मला नवल नव्हतं. आमच्याकडे खेड्यातल्या निम्म्या पोरांचा जन्म शाळा सुरू व्हायच्या सोयीनं एक जूनला लावलेला असतो. पण साल तरी खरं असतं, असं मी धरून चालले होते.

सासरे प्रत्येक वर्षाचं पंचांग जपून ठेवत. संध्याकाळी मी ती गाठोडी सोडली. नव्वद साली अधिक महिना नव्हता. अठ्ठ्याऐंशीत होता, सोळा मे ते चौदा जून. त्यानंतरचा एक्याण्णवमध्ये, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. म्हणजे मुलगी एक तर दाखल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती किंवा एका वर्षानं लहान. लहान असण्याचा विचार मी जेमतेम मिनिटभर केला. माझ्या बारा-चौदा वर्षांच्या अनुभवात कागदावरचं वय खऱ्यापेक्षा कमीच निघालं होतं, जास्त एकदाही नाही. शिवाय तिची उंची. मी कागदावर अठ्ठ्याऐंशी, सोळा मे ते चौदा जून असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. सासूबाई म्हणाल्या की एकदा त्या बाईला परत विचार. मी म्हटलं, बाई महिना सांगते आहे, साल पंचांग सांगतंय.

आईवडिलांना मी मैदानावर बोलावलं आणि तो कागद समोर ठेवला. कागदावर तेरा, खरं पंधरा, असं सांगितलं. वडिलांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत होतं. ते एवढंच म्हणाले की बाई, आम्हाला तारखा कुठल्या कळतात, तुम्ही शिकलेल्या. आई मध्येच बोलायला लागली होती, "पण बाई, गंगेवर..." मी तिला म्हटलं, थांबा, आधी माझं पूर्ण होऊ द्या. माझं पूर्ण झालं. तिचं मी नंतर विचारलं नाही. त्या महिन्यात सगळं नाशिक सिंहस्थाच्या तयारीत होतं. रस्ते खोदलेले होते, घाटावर पत्रे ठोकत होते, आमच्या कार्यालयातही दुसरा विषय नव्हता. मला तरीही काही सुचलं नाही.

शाळेला मी कळवलं नाही. दाखल्याची भानगड झाली असती तर मुलीचं शिक्षण अडलं असतं. मी फक्त तिला संघातून काढलं आणि सांगितलं की वरच्या गटासाठी सराव करत राहा. यात मी तिच्यावर उपकार केला असं मला वाटलं होतं. विभागात आम्ही अकरा गुणांनी हरलो. परतीच्या गाडीत मी मुलींना म्हटलं की खरेपणानं हरलो याची लाज नाही. ते वाक्य मला आजही शब्दशः आठवतं.

मुलगी सरावाला चार महिने येत राहिली. बाकीच्या तिला आजी म्हणायला लागल्या. आजी, रिबाउंड घे. आजी, गुडघे दुखतात का. मी एकदा रागावले, पण थट्टा म्हणून सोडून दिलं. जानेवारीत ती यायची बंद झाली. मी निरोप पाठवला, उत्तर आलं की आईच्या मदतीला जाते. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे नव्या बारा मुली आल्या.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये तिचे वडील माझ्या कार्यालयात आले. पांढरा सदरा, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी लग्नपत्रिका काढली आणि हळदकुंकू लावून माझ्यापुढे ठेवली. मुलीची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. स्थळ चांदवडकडचं, कांद्याची शेती, मुलगा एकुलता. लग्न जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मी पत्रिका वाचली आणि विचारलं की शाळेच्या दाखल्यावर तर अजून सोळाही पूर्ण नाहीत. त्यांनी समजावल्यासारखं सांगितलं की दाखला गुरुजींनी लावलेला, तो काही खरा नाही. खरं वय तुम्ही काढलंत. चौदा जूनला अठरा पूर्ण होतात. त्यांच्या पिशवीत तो तीन वर्षांपूर्वीचा कागद होता, चार घड्या घातलेला, दोन रेघा मारलेला. पाहुण्यांनाही त्यांनी तोच दाखवला होता. कायदा मोडायचा नाही, म्हणून तारीख चौदा जूननंतरची धरली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. ते माझी शाबासकी घ्यायला आले होते.

त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही, असं म्हटलं तर खरं आहे, पण तोवर मला आकडा चुकल्याची शंका नव्हती. अठरा पूर्ण होत असतील तर मी काय बोलणार होते? माझ्या मनातून जात नव्हतं ते हे, की मुलगी दहावीला अठरा वर्षांची कशी. माझी स्वतःची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिची उंची मी दर वाढदिवसाला दारावर मांडत असे. नऊ ते दहा या एका वर्षात ती तीन इंच वाढली होती. त्या मुलीच्या उंचीची नोंद माझ्याकडे होती. दोन हजार एक ते तीन या दोन वर्षांत ती साडेपाच इंच वाढली. तेरा ते पंधरा या वयात मुली एवढ्या वाढत नाहीत. दहा ते बारा या वयात वाढतात.

रविवारी मी पंचवटीला गेले. आई पुलाच्या पलीकडे घाटावर बसली होती, पुढे गोणपाटावर झेंडूचे ढीग. मी शेजारी पायरीवर बसले आणि विचारलं की मुलगी कधी झाली ते मला परत सांगा.

"धोंड्यात. सांगितलं होतं ना."

"कोणत्या सालच्या?"

"साल मला काय माहीत. सिंहस्थाला ती चार महिन्यांची होती. हितंच बसायचे मी. टोपलीत तिला निजवायची, वरून ओलं फडकं, बाजूला फुलं."

मी विचारलं, मागचा सिंहस्थ की त्याच्या आधीचा.

"मागच्याला तर ती तुमच्याकडं खेळत होती. एका सिंहस्थाची झाली होती."

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. मागचा दोन हजार तीनचा, त्याच्या आधीचा एक्याण्णवचा. मी तिला संघातून काढलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. आता पंधरा. मी विचारलं की शाळेत नव्वद कसं लागलं. ती म्हणाली की थोरला पहिलीत जात होता, ही घरी एकटी कुणाजवळ ठेवायची, म्हणून गुरुजींनी सहा पूर्ण लावून दोघांना एकदम घेतलं. दाखल्यावरचं वय वाढवलेलं होतं. खेळासाठी कुणी वय वाढवत नाही, हे मला माहीत होतं. पहाटे फुलं विकायला जाणारी आई ते वाढवून घेते, हे माहीत नव्हतं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी म्हटलं.

ती एका गिऱ्हाईकाला हार बांधून देत होती. दोरा दातानं तोडून मग म्हणाली, "तुम्ही महिना धरला. सिंहस्थ कुठं इचारला? आन् तुम्ही कागद काढला, बाई. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असंल. पोर माझी, पण मला वाटलं."

लग्नाला दोन महिने होते. मी तिला म्हटलं की हे पाहुण्यांना सांगा. ती म्हणाली की मी सांगितलं तर माझं काय, मला त्याच घरात राहायचंय.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्या गावी गेले. वडील अंगणात बसून झेंडूच्या रोपांचे वाफे मोजत होते. मी नव्या कागदावर सगळं मांडून नेलं होतं. त्यांनी तो कागद हातात घेतला नाही.

"तेव्हाही पंधरा, आजही पंधरा," ते म्हणाले. "बाई, माझी पोर वाढते का नाय?"

ते आवाज न चढवता बोलत होते. तीन वर्षांत सहा स्थळं आली, प्रत्येकाला मी सांगितलं की चौदा जून दोन हजार सहाच्या आधी नाही, बाईंनी काढून दिलंय. लोक हसले माझ्यावर, एवढा कायदेवाला कुठून आला म्हणून. आता सुपारी फुटली, पत्रिका वाटल्या आणि तुम्ही म्हणता आकडा चुकला. पुढच्या वर्षी परत चुकला म्हणाल.

मुलगी दारात उभी होती. सव्वादोन वर्षांनी मी तिला बघत होते. उंची तेवढीच. मी निघाले तेव्हा ती गाडीच्या थांब्यापर्यंत माझ्या मागे आली, चार पावलं अंतर ठेवून. मी थांबले तशी तीही थांबली. तिला लग्न करायचं आहे का, असं मी विचारलं. हे मी आधी विचारलंच नव्हतं.

"मला अकरावीला जायचंय," ती म्हणाली. "हे तुम्ही लावून दिलंय. तुम्हीच मोडा. आईला मोडायला नका सांगू."

बुधवारी मी चांदवडची गाडी पकडली. तिथून सहा किलोमीटर जीपनं. मुलाचे वडील कांदा साठवायच्या चाळीत होते. मी कोण ते सांगितलं आणि सरळ म्हटलं की तुम्हाला दाखवलेला कागद माझ्या हातचा आहे आणि तो चुकीचा आहे. मुलगी पंधरा वर्षांची आहे. लग्न केलंत तर मला ते सरकारी माणसांना कळवावं लागेल.

ते हसले. "माझी एक जून, माझ्या पोराची एक जून. मास्तरानं अख्खा गाव एका दिवशी जन्माला घातला. आमच्याकडं खरं वय कुणाला माहीत असतं, बाई?"

"तिच्या आईला," मी म्हटलं आणि आईनं सांगितलेलं सांगितलं.

त्यांची बायको चाळीच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. एक्याण्णवच्या सिंहस्थाला तीही माहेरच्या माणसांबरोबर गेली होती, गर्दीत तिची चप्पल हरवली होती, आणि तेव्हा तिचा मुलगा सात वर्षांचा होता. तिचं मोजून झालं.

"पंधराच की ओ," ती नवऱ्याला म्हणाली. "मला घरात सून पाहिजे. आणखी एक पोर वाढवायचं वय नाय माझं."

तीन वर्षं थांबणार का, असं मी विचारलं. थांबणार नव्हते. मुलाचं लग्न त्यांनी मेमध्येच दुसरीकडे केलं.

नाशिक रोडला परत येताना मला वाटत होतं की आपण निस्तरलं. तसं नव्हतं. लग्न मोडलं की खोट मुलीत शोधतात. गावात बोललं जाऊ लागलं की पाहुण्यांना मुलगी थोराड वाटली, वय चोरलं होतं म्हणे, खेळातूनही म्हणूनच काढली होती. म्हणजे माझाच पहिला हिशोब पुन्हा फिरायला लागला होता. वडिलांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते कायमचं. मुलगी अकरावीला गेली, पुढे कॉलेजच्या संघातूनही खेळली, दुसऱ्या मार्गदर्शकांच्या हाताखाली. मी तिचे दोन सामने भिंतीबाहेरून पाहिले. पण ते नंतरचं.

जूनमध्ये, निकाल लागल्यावर, ती माझ्या घरी आली. सासूबाईंनी तिला आत बोलावलं, ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिला बासष्ट टक्के होते. पेढे आणले नव्हते. तिनं सांगितलं की मला लिहून पाहिजे. माझं खरं वय आणि ते कुणी चुकवलं ते, तुमच्या सहीनं. आमच्या गावात तुमच्या अक्षरावरच विश्वास ठेवतात.

मी आत जाऊन लिहिलं. मुलीचा जन्म एप्रिलअखेर एकोणीसशे एक्याण्णवचा आहे, दोन हजार तीन साली मी तो अठ्ठ्याऐंशीचा सांगितला, ती चूक सर्वस्वी माझी होती, मुलीनं किंवा तिच्या घरच्यांनी वय लपवलं नव्हतं. सही केली, तारीख घातली आणि कागद तिला दिला.

तिनं उभ्यानंच वाचला, एकदा भरभर आणि एकदा सावकाश.

"संघातून काढलं ते राहिलं," ती म्हणाली.

मी कागद परत घेतला, उंबऱ्यातच गुडघ्यावर ठेवला आणि सहीच्या वर उरलेल्या जागेत ते लिहिलं.